अकरा नांगरांची इर्जिक

रविवारी दिवस उगवायच्या आत हौशीराम आबा बांधावर जाऊन उभे राहिले. कुणी विचारलं असतं तर पाय मोकळे करायला आलोय, असं त्यांनी सांगितलं असतं. विचारायला कुणी नव्हतं, आणि त्यांना काळजी होती ती त्याचीच.

पुढे चार एकर रान वापशावर आलेलं होतं. माती मुठीत दाबली की लाडू होत होता आणि बोट लावलं की फुटत होता. बटाटा लावायला याहून चांगला दिवस पेठ गावच्या पठारावर मिळत नाही. मागे गोठ्याच्या सावलीत ओल्या बारदानाखाली बेण्याच्या फोडी पडून होत्या. त्या गुरुवारीच चिरून झाल्या होत्या. शुक्रवारी डिझेल येणार, असं पंपावरचा माणूस म्हणाला आणि सयाजीनं लगोलग दहा बायका लावून सगळं बेणं चिरून घेतलं. आबांचा हा मुलगा असाच, पाहुणे निघाल्याचा निरोप आला की ताटं वाढून मोकळा होणारा. शुक्रवारी डिझेल आलं नाही. शनिवारी सयाजी कॅन घेऊन आधी मंचरला, मग खेडला, मग उलटा नारायणगावापर्यंत गेला आणि तिन्ही ठिकाणी 'डिझेल नाही' ही एकच पाटी वाचून परत आला. जूनच्या सुरुवातीला लिटरमागे तीन रुपये वाढले तेव्हा लोकांनी सरकारच्या नावानं बोटं मोडली होती. आता महिनाअखेरीला वाढीव भावानं तरी मिळावं, एवढंच मागणं उरलं होतं. अंगणात ट्रॅक्टर धुऊनपुसून उभा होता, आणि फोडींना आंबूस वास सुटायला लागला होता.

तेव्हा शनिवारी दुपारी ठमाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "इर्जिक घाला." आबांनी नुसतं हं केलं होतं.

इर्जिक म्हणजे ज्याचं काम अडलं त्याच्या रानात गावानं आपापले बैल-नांगर घेऊन जायचं, मजुरी घ्यायची नाही, आणि काम उरकलं की पुरणपोळी जेवून घरी जायचं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. अडचण एवढीच होती की आबा गेली पंधरा वर्षं कुणाच्याच इर्जिकीला गेले नव्हते. त्र्याण्णव साली त्यांनी गावात पहिला ट्रॅक्टर आणला आणि बैल विकले. बैल नाहीत तर हात हलवत काय जायचं, असं ते म्हणत. ट्रॅक्टरवाल्याला बैलांच्या शेपटामागे चालणं कमीपणाचं वाटतं, हे गावाला कळत होतं, आणि आबांनाही. असल्या माणसाच्या रानात कोण येणार? बोलावणी करायला आबा स्वतः गेले नव्हते. सयाजी गेला असेल, असं त्यांनी धरलं होतं. आणि सयाजीनं धरलं होतं की आबा गेले असतील.

आजच प्राचीचाही निकाल लावायचा होता. सयाजीची ही थोरली मुलगी इंजिनिअर झाली होती, आणि अणुवीज केंद्रात तिची निवड झाली होती. मंगळवारी, एक जुलैला तारापूरला हजर व्हायचं, म्हणजे सोमवारी सकाळी निघायलाच हवं. बाप नाही म्हणत होता, आई हो म्हणत होती, आणि आबांनी रविवारच्या जेवणापर्यंत मुदत मागून घेतली होती. घरात शेवटचा शब्द आबांचाच चाले, आणि तो काय द्यावा हे त्यांना अजून सुचलेलं नव्हतं.

उजाडता उजाडता वडाच्या वळणावर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. पहिली जोडी दिसली, मागे दुसरी, मग ओळच लागली. आबांनी मोजले. नीट मोजले नसतील म्हणून परत मोजले. अकरा नांगर होते. आबांना रडू आलं, आणि मग डोळ्यांत धूळ गेली म्हणून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. ओल्या रानात धूळ कुठून आली, हे कुणी विचारलं नाही.

अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. लाईट नेहमीप्रमाणे पहाटेच गेली होती, ती दुपारनंतर कधीतरी यायची. मिक्सर फडताळात गप्प बसला होता आणि प्राची पाट्यावर पुरण वाटत होती.

"इंजिनेर बाईच्या हाताला पाटा बरा दिसतोय," ठमाबाई म्हणाल्या, आणि प्राचीनं घाम पुसून आजीकडे बघून हसून घेतलं.

प्राचीची आई अंजना पोळ्या लाटता लाटता मनातल्या मनात माणसं मोजत होती. महागाई अकरा टक्क्यांवर गेली, असं टीव्हीवर आठवडाभर सांगत होते. अंजनाला टक्के कळत नसत, हरभऱ्याची डाळ कळे, गूळ कळे, गोडेतेल कळे. मागच्या बैलपोळ्याला जेवढ्यात सण झाला तेवढ्यात आज नुसतं पुरण झालं होतं. पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. अकरा घरची माणसं आली, यापुढे डाळीचं कौतुक काय. शिवाय तिचं अर्धं लक्ष सासूकडे होतं. आज ठमाबाई आबांच्या कानात एक शब्द घालतील आणि पोरीची वाट मोकळी होईल, अशी तिची खात्री होती. प्राचीला मंचरच्या शाळेत घालण्यापासून पुण्याच्या वसतिगृहापर्यंत प्रत्येक वेळी सासूनंच तर नवऱ्याला वळवलं होतं. अंजना सासूला आत्याबाई म्हणत असे, आणि आपल्या आईपेक्षा या बाईनं आपल्यासाठी जास्त केलं, असं तिला प्रामाणिकपणे वाटे.

"समुद्राच्या कडंला हाय म्हनतीस," ठमाबाईंनी तव्यावरची पोळी उलटत सहज विचारलं. "मंग आधी तिथं कोन राहत व्हतं?"

"कोळी, शेतकरी. मोठे नवे संच बांधायचे होते तेव्हा दोन गावं उठवली, आजी. दुसरीकडे घरं बांधून दिली त्यांना."

अंजनाला वाटलं, पोरीनं एवढं एक उत्तर गिळलं असतं तर काय बिघडलं असतं.

ठमाबाईंनी पोळी तव्यावरून काढली, टोपल्यात टाकली, आणि दुसरी टाकलीच नाही. त्यांचं माहेर जुन्या आंबेगावचं. हिरड्याचा बाजार, दगडी देवळं, नदीचा घाट, सगळं डिंभ्याच्या धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळं वर येतात. ठमाबाई एकदा जाऊन बघून आल्या होत्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. त्या पाण्याचा थेंबही पेठेच्या पठारावर चढत नव्हता. खालची रानं हिरवी झाली, आणि ठमाबाईंच्या सासरी मात्र आभाळाकडे बघूनच बटाटा लावत होते. घरात यावर कधी बोलणं निघत नसे. काढून करायचं काय, म्हणून.

"मंग माजा हात काढला यातून," ठमाबाई म्हणाल्या. "तुज्या आजोबाला मी काय सांगनार न्हाई. त्यांना वाटंल ते करूद्यात."

प्राचीनं वाद घातला नाही. तिनं पाट्यावरचं पुरण निपटून पातेल्यात घेतलं आणि म्हणाली, "खोटं सांगता आलं असतं, आजी."

"म्हायती हाय," ठमाबाई म्हणाल्या, आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

सयाजी डोक्याला टॉवेल बांधून टोपलीतून फोडी टाकत चालला होता. पुढे नांगर सरी उघडतो, मागून वीतभर अंतरानं फोड टाकत जायचं, कोंब वर ठेवायचा, आणि परत येणारा नांगर त्यावर माती ओढतो. हे काम बायकांचं. पण बेणं चिरायची घाई आपण केली, तर ते मातीत घालायलाही आपणच वाकावं, असं त्यानं ठरवलं होतं. पोरीबाळी त्याच्याकडे बघून पदराआड हसत होत्या. हसू देत. आज गावातल्या कुत्र्यानं जरी त्याला नावं ठेवली असती तरी त्यानं हात जोडले असते.

चिमाजीनं तेवढ्यात घोटाळा केला. शेजारच्या चिमाजीकडे शेतीचे बैल नव्हतेच, शर्यतीचे होते. उडदाचं पीठ आणि अंडी खाऊन वाढलेले, जन्मात कधी जू ओढून एक सरी न काढलेले. पण इर्जिकीला रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून त्यानं तीच जोडी आणून नांगराला जुंपली. बैल हलेनात. शर्यतीत पुढे घोडी पळते आणि बैल तिच्या मागे सुटतात, एवढंच त्यांना ठाऊक. तेव्हा चिमाजीनं डोकं लढवलं. घरून घोडी आणली, स्वतः तिच्यावर बसला आणि नांगराच्या पुढे सावकाश चालवायला लागला. बैल शहाण्यासारखे मागे निघाले, निम्मी सरी झाली. मग बांधावरच्या कुणाला तरी राहवलं नाही आणि त्यानं शर्यतीतल्यासारखी लांब आरोळी ठोकली. घोडी उधळली, बैल उधळले, नांगर धरणारा केव्हाच मागे बसला, आणि चार एकरांच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरपी सरी निघाली. हसून हसून बायकांच्या टोपल्या कलंडल्या. चिमाजी परत आला तेव्हा म्हणाला की वेळ बघितला का, शर्यतीच्या घाटात असतो तर पहिला नंबर होता. त्या तिरप्या सरीतही फोडी टाकल्या. निघाली आहे तर रिकामी कशाला ठेवायची.

दहाच्या सुमारास न्याहारीला सगळे आंब्याखाली बसले. मंचरचे बन्सीलाल शेठ तेवढ्यात एसटीनं उतरून चालत आले. बेणं त्यांच्याच दुकानातलं. आयुष्यभर त्यांनी पंजाबचा बटाटा विकला आणि जैन असल्यामुळे एकदाही जिभेला लावला नाही, यावरून आबा त्यांना तीस वर्षं चिडवत आले होते. त्यांचंही मूळ गाव आंबेगाव. ठमाबाई त्यांना बन्सीभाऊ म्हणत आणि दर भाऊबीजेला ओवाळत. बेणं कुजलं तर आपलीही झोप उडेल, म्हणून आलो, असं ते म्हणाले. मग त्यांनी फोडीचा वास घेतला, आणि आज मातीत गेली तर वाचली, असं सांगितल्यावर सयाजीचा जीव भांड्यात पडला.

प्राची भाकरीची दुरडी घेऊन आली होती. आबांनी तिला बसवून घेतलं.

"तुज्या त्या अणूवर माजा ट्रॅक्टर चालंल का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आबा," प्राची म्हणाली. "आज तरी नाही."

आंब्याखाली बसलेले सगळे हसले. प्राची थांबली, हसू ओसरू दिलं, आणि मग बोलायला लागली. पंपावर डिझेल नाही, पण ते जातं कुठं, असं तिनं विचारलं. लाईट नाही म्हणून पिठाची गिरणी डिझेलवर. लाईट नाही म्हणून विहिरीवरचं इंजिन डिझेलवर. मंचरच्या शीतगृहात बटाटा ठेवतात, तिथला जनरेटर डिझेलवर. दवाखाना, दूधडेअरी, मोबाईलचा टॉवर, सगळीकडे तेच. तेल परदेशातून बोटीनं येतं, भाव तिकडे ठरतो आणि भोगतो आपण. जे काम विजेनं व्हायला पाहिजे ते विजेनं झालं, तर डिझेल ट्रॅक्टरला उरेल. आणि वीज कोळशावर करायची तर कोळसाही रेल्वेच्या वाघिणी भरभरून लागतो. तिच्या केंद्रात एका माणसाला उचलता येईल एवढी इंधनाची जुडी असते, तिच्यातून तीस-चाळीस ट्रक कोळशाची वीज निघते.

बन्सीलालनी मान डोलवली. जालंधरहून ट्रक निघतो तेव्हा बेण्याचा भाव एक असतो आणि मंचरला उतरतो तेव्हा दुसरा, असं ते म्हणाले. कुठल्या तरी लांबच्या बंदरात तेल चढलं की त्यांच्या दुकानातलं मीठसुद्धा महाग होतं, आणि गिऱ्हाईक मात्र त्यांच्याच तोंडाकडे बघतं.

आता सयाजीनं तोंड घातलं. त्यानंही बातम्या ऐकल्या होत्या. "तुमच्याकडं बी माल न्हाई म्हनं. निम्म्या ताकदीवर चालल्यात भट्ट्या. दिल्लीत त्याच्यावरनंच तर भांडान लागलंय."

"खरं आहे, अप्पा," प्राची म्हणाली. "युरेनियम कमी पडतंय. ते मिळावं म्हणूनच अमेरिकेशी करार चाललाय. मिळेलच, असं मी सांगू शकत नाही."

सयाजीला हा हिशेब लागेना. पोरगी वाद जिंकायला बसली होती आणि दर खेपेला समोरच्याचं खरं म्हणून मोकळी होत होती. त्याच्या मनात जे होतं ते तर वेगळंच होतं आणि चारचौघांत बापाला ते बोलता येत नव्हतं. तिथं काम केल्यावर उद्या पोरीला लेकरं होतील का, झाली तर धड होतील का, तिला कोण करून घेईल. त्यानं नुसतं तब्येतीचं काय, असं पुटपुटलं.

प्राचीला कळलं. ती त्याच्या जवळ सरकून बसली आणि हळू बोलली. प्रत्येकाच्या छातीला एक बिल्ला असतो, अंगाला किती किरणं लागली ते त्यावर उमटतं, आणि ठरावीक मापापलीकडे गेलं की त्या माणसाला आत जाऊ देत नाहीत. मग तिनं बापाच्या हाताकडे बघितलं. औषध फवारून फवारून त्या हातांची सालं निघत असत.

"तुम्ही वीस वर्षं पाठीवर पंप घेऊन फवारता. तुमच्या छातीला असला बिल्ला कुणी लावला होता का?"

सयाजीनं डोक्याचा टॉवेल पुन्हा घट्ट बांधला. तो उठला, टोपली घेतली आणि सरीला लागला. पण पुढच्या दोन तासांत त्याच्या फोडी इतक्या जवळजवळ पडायला लागल्या की बायकांना ओरडून सांगावं लागलं.

तीन वाजता शेवटच्या सरीवर माती पडली. फोडी संपल्या, टोपल्या उपड्या झाल्या, बैलांपुढे पेंड गेली. अंगणात पंगत बसली. आबा स्वतः तुपाची वाटी घेऊन वाढायला निघाले आणि पहिल्याच पानाशी थांबले. आभाराचं बोलणं त्यांना जमत नसे. रागावणं जमे, हुकूम सोडणं जमे.

"चिमाजी," ते म्हणाले, "मी पंधरा वर्सं कुनाच्या बांधावर आलो न्हाई. माज्या रानात यायचं तुमाला काय कारन व्हतं?"

चिमाजीनं घास तोंडात होता तो गिळला. "आबा, खरं सांगू का? तुमी न्हाई आला, पन ठमाकाकू आल्या. गावात इर्जिक झाली आन काकू पोळ्या लाटायला न्हाईत, असं एकदा बी घडलं न्हाई. आमच्या आधी हजर. काल बी त्याच आल्या व्हत्या, एक एक घर करत, अकरा घरं. आमी काकूंच्या रानात आलोय."

आबांच्या हातातली वाटी कलंडली आणि तूप चिमाजीच्या पोळीवर नको तेवढं पडलं. त्यानं काही तक्रार केली नाही. सयाजीनं आबांकडे बघितलं, आबांनी सयाजीकडे, आणि बोलावणी कुणी केली हे दोघांनाही एकदमच समजलं. पंधरा वर्षं आबा पाहत होते की बायको अधूनमधून पहाटेची कुठंतरी जाते. बायका बायकांकडे जातात, असं समजून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. घराची पत आपल्या ट्रॅक्टरमुळे आहे, असंच ते धरून चालले होते. ते जोत्यावर टेकले. त्यांना शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त असं काहीतरी वाटलं की ही बाई आपल्या वाट्याला आली नसती तर आज हे चार एकर आणि आपण, दोन्ही नासलो असतो.

मग ते उठले, चुलीपाशी गेले, ठमाबाईंच्या हातातलं उलथनं काढून अंजनाकडे दिलं आणि म्हणाले, "पंगतीला बस."

"अवं, मान्सं जेवत्यात."

"तुज्याच पंगतीला जेवत्यात. बस."

ठमाबाई बसल्या. चिमाजीनं सरकून जागा केली. आबांनी स्वतःच्या हातानं त्यांना पोळी वाढली, तूप वाढलं, आमटी वाढली, आणि समोर उकिडवे बसून म्हणाले, "पोरीचं मी सांगनार व्हतो. आता मी न्हाई सांगत. तू सांगशील तसं करायचं. सयाजी, तुजं काय म्हननं हाय का?"

सयाजीनं मान हलवून नाही म्हटलं.

अंजनाची पोळी तव्यावर करपली. तिनं सकाळी ऐकलं होतं ते इथं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. प्राची पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

ठमाबाईंनी पोळीचा तुकडा मोडला आणि तो पानात तसाच ठेवला. मग त्यांनी पलीकडच्या ओळीत कांदा-लसूण नसलेल्या वेगळ्या आमटीला बसलेल्या बन्सीलालकडे बघितलं.

"बन्सीभाऊ, आपलं गाव गेलं. आपल्याला कुनी कदी म्हनलं का, की बाबा, तुमच्या गावावर माजं रान भिजतंय?"

बन्सीलाल खाली बघत म्हणाले, "त्याच रानांतली माणसं रोज माझ्या दुकानात येतात, ठमाताई. कुणी म्हटलं नाही. मीही कधी सांगितलं नाही."

"मला पान्याचा राग न्हाई," ठमाबाई म्हणाल्या. "लोकांची रानं भिजली, भिजूद्यात. लोकांच्या घरात उजेड पडंल, पडूद्यात. आज अकरा घरची मान्सं आली, माजं प्वाट भरलं, कारन आमी एकमेकाच्या दारात गेलो व्हतो. तिकडं कुनी कुनाच्या दारात जात न्हाई, म्हून जीव जळतो." त्यांनी प्राचीकडे तोंड केलं. "ही न्हाई गेली तर दुसरं कोन तरी जानारच. त्याला म्हायती बी नसंल की खाली गाव व्हतं. हिला म्हायती हाय. हिलाच जाऊद्या."

अंजनानं डोळ्याला पदर लावला.

"पन पहिल्या सुट्टीला हिकडं यायचं न्हाई," ठमाबाई पुढे म्हणाल्या. "त्या दोन गावची मान्सं जिथं नेऊन ठेवलीत तिथं जायचं. एकाच्या तरी घरात बसायचं, पानी प्यायचं, आन सांगायचं की मी तुमच्या जागंवर काम करतीया, तुमचं उपकार हायेत. जमंल का?"

"जमेल, आजी," प्राची म्हणाली. तिच्या हातातला तांब्या तिरका झाला होता आणि पाणी तिच्याच पायांवर पडत होतं.

सयाजी म्हणाला की सकाळची नाशिकहून येणारी पहिली एसटी बऱ्याचदा भरून येते, तेव्हा तो स्वतः पुण्यापर्यंत जाऊन तिला पुढच्या गाडीत बसवून देईल. हे बोलताना तो कुणाकडे बघत नव्हता. आबांनी त्याच्या पानात न विचारता आणखी एक पोळी टाकली.

पहिली सुट्टी आषाढ संपता संपता आली. रविवारी दुपारी सयाजीच्या मोबाईलवर प्राचीचा फोन आला. तिनं बापाची तब्येत विचारली, आईशी दोन शब्द बोलली, आणि आजीला दे म्हणाली. ठमाबाई ओसरीवर बसल्या होत्या. फोन कानाला कसा लावायचा हे त्यांना ठाऊक होतं, पण मोबाईलमध्ये मोठ्यानं बोललंच पाहिजे असा त्यांचा समज होता, त्यामुळे निम्म्या आळीनं ऐकलं.

"गेली व्हतीस?"

"गेले होते, आजी. आज सकाळीच. एका म्हातारीच्या घरी."

मग तिनं सांगितलं. बाईनं आधी दार अर्धंच उघडलं. केंद्रातनं आलीय म्हटल्यावर, कसला कागद आणलाय, कुठं अंगठा लावायचाय, असं विचारलं. प्राची म्हणाली की कागद नाही आणला, नुसतं भेटायला आलेय. भेटायला कुणी येत नाही, असं म्हणून बाई दार लावून घ्यायला लागली, आणि मग एकदम थांबून तिनं विचारलं की तुझं गाव कुठलं.

"मी आंबेगाव सांगितलं," प्राची म्हणाली.

ठमाबाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. त्या गावाचं नाव आपलं म्हणून सांगणारं माणूस त्यांच्या ऐकण्यात कित्येक वर्षांत आलं नव्हतं. आणि ही तर पेठेत जन्मलेली, पेठेत वाढलेली.

"तिनं विचारलं, ते कुठं आलं? मी म्हणाले, आता वर नाही, पाण्याखाली आहे, माझी आजी तिथली. तेव्हा तिनं दार उघडलं, आजी. उपकार वगैरे तिनं बोलूच दिलं नाही. आधी जेव म्हणाली. मला मासे खाता येईनात, तर काटे काढून देत होती. निघताना म्हणाली, परत ये, आणि आजीला माझा नमस्कार सांग."

ठमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. शेजारी आबा काय झालं, काय झालं असं खुणेनं विचारत होते. ठमाबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला.

"घ्या, बोला," त्या म्हणाल्या. "माज्या माहेरचा फोन हाय."